हात बघायला बोलावलेल्या बाया

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून आमच्या इथले मास्तर दोनदा घरी येऊन गेले. म्हणाले, "मावशी, तुमची तांदळाची भाकरी सकाळी केली तरी संध्याकाळपर्यंत मऊ राहायची, त्याचं गुपित लिहा. चार मजेदार गिऱ्हाइकं लिहा. लोकांना आवडेल." मी हो म्हटलं. माझी चौथीनंतर शाळा सुटली, पण किराणाच्या याद्या आणि ऑर्डरच्या वह्या मीच लिहायचे, त्यामुळे अक्षर वळणात आहे. लिहायला बसले आणि गुपितापाशी अडले. ते गुपित माझं नाही. मग जे खरं आहे तेच लिहायचं ठरवलं. मास्तरांना छापायचं तर छापतील.

साजगावच्या एका कारखान्याचं कँटीन माझ्याकडे वीसेक वर्षं होतं. माझ्या हाताखाली सात-आठ बाया. कँटीनच्या जोडीला बाहेरच्या ऑर्डरी घ्यायचे. आमच्या खालापूर-कर्जत पट्ट्यात लग्नापेक्षा हळदीचं जेवण मोठं. हळदीला मटण आणि तांदळाची भाकरी. पाचशे माणूस असेल तर दीड हजार भाकरी लागते, आणि ती हातानं थापलेलीच लागते. मशीनची पोळी वाढली तर वऱ्हाडी ताटावरून उठून विचारतात, "हळद हाय का बारसं हाय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तांदळाच्या पिठाला चिकटपणा नसतो. नुसत्या पाण्यात मळलं तर भाकरी थापताना फाटते. म्हणून आधी उकड काढायची. पाणी उकळायचं, मीठ घालायचं, पीठ टाकून ढवळायचं आणि झाकून वाफ आणायची. मग ते पीठ गरम असतानाच मळायचं. हाताला चटके बसतात, ते बसू द्यायचे, गार झालं की मळून उपयोग नाही. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, फुगवायची. ताजी भाकरी कुणाचीही चांगली लागते. कस लागतो तो सकाळी आठला केलेली संध्याकाळी खायची असते तेव्हा. तोवर तिचा पापड होतो, दुमडली की तुटते. माझ्याही भाकरीचं तसंच व्हायचं. लोक रस्सा ओतून खायचे म्हणून भागायचं.

आता मुद्द्याचं. स्वयंपाकाच्या कामाला बाई ठेवायची तर तिला काय विचारणार? तिला परातीपुढे बसवायचं आणि बघायचं. याला आम्ही 'हात बघणं' म्हणतो. माझ्या आधीही बघायचे, आजही बघतात. तासाभरात सगळं कळतं. बाई पीठ किती घेते, तिची भाकरी करपते का, गप्पांत हात थांबतो का. तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नाही. हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

तरीही मी बायांना हात बघायला बोलवायचे ते हळदीच्या दिवशी. सकाळी सातला. चार-पाच जणी एकदम. दुपारी चारला टेंपोत भाकऱ्यांचे डबे चढले की त्यांना म्हणायचे, "बघते गं बायांनो, निरोप धाडते." हात बघण्याचे पैसे नसतात, त्या पदराला हात पुसून जायच्या. त्यातली एखादी वर्षातून कधीतरी मी ठेवली असेल. बाकीच्यांना निरोप गेला नाही. मोबाइल आल्यावर 'निरोप धाडते' याच्या जागी 'फोन करते' म्हणायला लागले. केला नाही.

याला मी तेव्हा लबाडी समजत नव्हते. मला वाटायचं, मी हुशार आहे. आणि फोन न करणं तर मला चांगुलपणाचंच वाटायचं. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. मुलगी बघून गेलेली माणसंसुद्धा 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत, मुलीकडच्यांनी काय ते समजायचं. बाई समजून घेईल, तिला कशाला दुखवा, असं मी स्वतःला सांगायचे.

एकीनं मात्र मला ओळखलं होतं. खोपोलीची, माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असेल. स्वतःची परात घेऊन आली. दोन भाकऱ्या थापल्या, भाजल्या, एक माझ्या पुढ्यात ठेवली.

"बघा नि सांगा," म्हणाली.

"अगं, दोनानं काय कळतं? दिवसभर कर की."

"दोन बघून जिला कळत नाय ती दोनशे बघून काय दिवे लावनार?" असं म्हणून तिनं दुसरी भाकरी मिरचीच्या ठेच्याबरोबर तिथंच उभ्यानं खाल्ली, परात काखेत मारली आणि चालती झाली. माझ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी पण हसले. म्हातारी खडूस आहे म्हटलं. पुढची कित्येक वर्षं मी तो किस्सा लोकांना हसत सांगत असे.

आता जयवंतीचं सांगते.

जयवंती चौक गावाच्या बाजूच्या एका खेड्यातून आली होती. तिशी-पस्तिशीची, काळी, किडकिडीत, बोलायला मोकळी. नवऱ्याचं गॅरेजमधलं काम सुटलं होतं आणि घरात सासू होती, त्यामुळे हिला काम पाहिजेच होतं. त्या दिवशी सहाशे माणसांची हळद होती. तिच्याबरोबर आणखी बाया होत्या हात दाखवायला. मी प्रत्येकीला उकड काढून दिली. हिनं माझ्या उकडीकडे बघितलं आणि म्हणाली, "मावशी, मी माझी काढू?"

"काढ. बघू तुझी कलाकुसर."

तिनं शिळा नाही, ताजाच पण जास्त शिजवलेला मऊ भात मागितला. तो हातानं कुस्करून लोण्यासारखा केला आणि उकडीत मळला. वर ओलं फडकं टाकून पीठ तसंच ठेवून दिलं. माझ्या बाकीच्या बायांच्या पन्नास थापून झाल्या तरी हिचं पीठ फडक्याखालीच. कुंदा, माझी सगळ्यात जुनी बाई, ओरडली, "अगं बाय, पीठ झोपलं का तुझं? पाळणा म्हनू का?"

जयवंती म्हणाली, "म्हना. तेवढा वेळ मुरू दे त्याला."

मग थापायला बसली ती उठलीच नाही. तव्यावरून उतरलेली भाकरी ती एकावर एक ठेवत नव्हती. मोठ्या टोपल्यात कडेला उभ्या टेकवून ठेवायची, वाफ जाऊ द्यायची, आणि मग फडक्यात घालायची. आम्ही सगळ्या गरम भाकऱ्यांची चळत लावायचो, त्यांना पाणी सुटायचं आणि गार झाल्या की त्या कडक व्हायच्या. एवढी साधी गोष्ट, मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

तिच्या दोन भाकऱ्या मी बाजूला काढून ठेवल्या. संध्याकाळी पाचला बघितल्या तर हातरुमालासारख्या दुमडल्या.

मी तिला दुसऱ्यांदा बोलावलं. म्हटलं, "एकदाच बघून नक्की होत नाही गं." ती आली, सातला हजर. मी तिच्या शेजारीच बसले आणि भात किती, पाणी किती, फडकं किती वेळ, सगळं नजरेनं मोजून घेतलं. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा तिनं विचारलं, "मावशी, आज पक्कं ना?" मी म्हटलं, "आज बघू." त्या दिवशी मी माझ्या चार बायांना तिच्याभोवती बसवलं. ती बिचारी भोळेपणानं त्यांना शिकवत बसली. "आसं नाय गं, अलगद. भात दिसला नाय पायजे." तिला वाटलं असणार, आपण आता यांच्यातल्याच.

ती गेल्यावर कुंदानं विचारलं, "कधीपास्नं येते ही?"

"बघू."

"बघू काय? हिच्यासारखा हात पंचक्रोशीत नाय."

"तेच तर," मी बोलून गेले. कुंदानं माझ्याकडे बघितलं आणि ती भांडी घासायला गेली.

खरं कारण हे होतं. लोक मला 'भाकरीवाली मावशी' म्हणायचे. जयवंती आली असती तर सहा महिन्यांत गिऱ्हाइकं तिला विचारत आली असती. वर्षाभरानं तिनं स्वतःच्या ऑर्डरी घेतल्या असत्या. तिच्या हातात खोट नव्हती. तिचा हात माझ्याहून चांगला होता म्हणून मी तिला ठेवलं नाही.

चार दिवसांनी तिचा फोन आला. एका आश्रमशाळेत स्वयंपाकीण पाहिजे होती. तिथले लोक सोमवारपर्यंत जागा धरून ठेवणार होते. "तिकडं राहायला लागल, मावशी. घर सोडून. तुमच्याकडं झालं तर मला इथंच बरं. हो का नाय एवढंच सांगा. नाय म्हनलात तरी चालल."

'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, "बघते गं, दोन दिवसांत फोन करते."

का म्हटलं? हा प्रश्न मला पुढे खूप वेळा पडला. उत्तर असं की पुढच्या आठवड्यात एक हळद होती आणि बाया कमी पडत होत्या. लागली तर ती हाताशी असावी. बास. दुसरं काही नाही.

मी फोन केला नाही. सोमवार गेला. पुढच्या गुरुवारी ती स्वतः साजगावला आली. मी खिडकीतून तिला फाटकातून येताना बघितलं आणि कुंदाला म्हटलं, "सांग, मावशी नाहीत." आणि सिलिंडर ठेवायच्या खोलीत जाऊन उभी राहिले. पन्नाशी उलटलेली बाई मी, आठ बायांची मालकीण, गॅसच्या टाक्यांमध्ये उभी. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"कधी येतील?"

"आता काय सांगू बाय."

"शाळेची जागा तर गेली. ते जाऊ दे. माझं काय चुकलं तेवढं मावशीला विचारून ठेवशील का? भाकरी जाड झाली, का मीठ, का मी जास्त बोलते. एकदा सांगितलं तर मी सुधरवीन. पुढं कुठं जाईन तिथं कामाला येईल."

थोड्या वेळानं चपलांचा आवाज लांब गेला. मग कुंदा खोलीच्या दाराशी येऊन म्हणाली, "निघा आता बाहेर. गेली ती." त्या आवाजात माझ्याशी ती आधी कधी बोलली नव्हती.

त्यानंतर माझी भाकरी संध्याकाळपर्यंत मऊ राहायला लागली. नेरळपासून खोपोलीपर्यंत ऑर्डरी आल्या. लोक विचारायचे, "मावशी, काय घालता?" मी म्हणायचे, "हाताची सवय आहे." मास्तरांनी विचारलेलं गुपित ते हे. भात जास्त शिजवा, लोण्यासारखा कुस्करा, उकडीत मळा, ओल्या फडक्याखाली मुरू द्या, आणि उतरवलेली भाकरी उभी टेकवून वाफ जाऊ द्या. जयवंतीचं आहे. तिच्या नावानं करा.

मी हे विसरले होते असं म्हणणार नाही. पण आठवत नव्हतं हेही खरं. काम बंद करून पाच वर्षं झाली. मुलगा-सुनेबरोबर राहते. नात मृणाल, बी.कॉम. करून वर काही कॉम्प्युटरचं शिकली. यंदा तिनं पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला. त्यांनी आधी फोनवर बोलून घेतलं आणि मग घरी करायला काम दिलं. त्याला ते असाइनमेंट म्हणतात. एका हॉटेलची महिनाभराची जाहिरात तयार करून द्यायची, चित्रं, मजकूर, सगळं. आठ दिवस पोरगी जेवायला उठत नव्हती. काम पाठवलं. मग वाट बघणं सुरू झालं. पहिला आठवडा फोन हातात. दुसरा आठवडा फोन उशाशी. तिसऱ्या आठवड्यात तिनं फोनकडे बघणं सोडलं आणि भिंतीकडे बघायला लागली.

मी गहू निवडत होते. म्हटलं, "नालायक माणसं. फुकट काम करून घेतलं आणि तोंड लपवलं."

ती म्हणाली, "आजी, नाही म्हणाले तरी चालेल गं. काय चुकलं ते तरी सांगायचं ना. मला आता वाटतं मला काही येतच नाही."

माझा हात सुपातच राहिला. मृणालला वाटलं, मी कंपनीवर चिडले. आठवडाभर मी घरात कुणाशी नीट बोलले नाही. सून म्हणाली, "आईंचं बीपी वाढलंय वाटतं."

मग मी कुंदाला फोन केला. जयवंतीचा ठावठिकाणा तिला माहीत होता. आश्रमशाळेची जागा गेल्यावर ती साजगावलाच एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती. बारा वर्षं उभ्यानं खोकी भरली, मग गुडघे गेले, आता घरीच असते. "माझ्या कँटीनपासून किती लांब?" मी विचारलं. "तीन गाळे सोडून," कुंदा म्हणाली. "तुमाला दिसली नाय का कधी?"

मी चौकला उतरून रिक्षानं गावात गेले. घर सापडलं. ओट्यावर खाटेवर तिची सासू बसलेली, नव्वदीकडे झुकलेली. जयवंती पायरीवर शेंगा सोलत होती. केस पांढरे झालेले. तिनं मला लगेच ओळखलं.

"मावशी, तुमी? वाट चुकलात का?"

"नाही. तुझ्याकडेच आले."

"बसा." तिनं चटई सरकवली. शेंगा सोलणं थांबवलं नाही. आतून तव्याचा वास येत होता. "सून पोळ्या करते," ती म्हणाली. "भाकरी आमच्याकडं होत नाय."

"का गं?"

"मी सोडली थापायची. तुमी तीनदा हात बघितला नि सोडून दिलं. तवापास्नं घरात कुनी माझी भाकरी धड खाल्ली नाय. मी काय सांगायला गेले की या म्हनायच्या," तिनं मानेनं सासूकडे दाखवलं, "एवढ्या मोठ्या कँटीनवालीनं तुझा हात नापास केला, नि तू आमाला शिकवतेस? मग मलाच वाटाय लागलं, असंल काय तरी खोट."

मी घरून निघताना जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं अर्धं विसरले. राहिलं ते बोलले. "खोट काही नव्हती. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तुझी भाकरी मी उचलली. त्या दिवशी तू आलीस तेव्हा मी आत होते, सिलिंडरच्या खोलीत."

तिचे हात थांबले. मला वाटलं, रडेल, नाहीतर शिव्या घालेल. तिनं सुपातल्या शेंगा खाली ठेवल्या आणि म्हणाली, "हे मला कशाला सांगता? यांना सांगा."

"कुणाला?"

"आईंना. ऐकाय येत नाय त्यांना. मोठ्यानं सांगा."

मी उठून खाटेजवळ गेले. वाकून म्हटलं, "हिचा हात चांगला होता." म्हातारीनं कानामागे हात धरला. "आं?" मी आवाज चढवला. पुन्हा "आं?" तिसऱ्यांदा मी अक्षरशः ओरडले. शेजारच्या ओट्यावर दोन बाया बाहेर आल्या. आतून सून लाटणं हातात घेऊन दारात आली.

म्हातारीला ऐकू गेलं. तिनं मला खालून वर बघितलं. "मंग कामाला घेतली का नाय?"

मी जयवंतीकडे बघितलं. ती म्हणाली, "विचारतात त्या. सांगा की."

तेही मला ओरडूनच सांगावं लागलं. "मला भीती वाटली! ही माझ्या पुढं जाईल म्हणून!" एवढी वर्षं जे मी कुंदालासुद्धा कबूल केलं नव्हतं, ते अर्ध्या आळीनं ऐकलं. शेजारची एक बाई दुसरीला म्हणाली, "कोन गं ही?" दुसरी म्हणाली, "ती नाय का, भाकरीवाली."

म्हातारी जयवंतीकडे वळून म्हणाली, "मी कवा तुझ्या भाकरीला नाव ठेवलं?"

"नाय ठेवलं, आई," जयवंती म्हणाली, आणि हसली. त्या हसण्यात माझ्यासाठी काही नव्हतं.

मी चटईवर येऊन बसले. चहाचं कुणी विचारलं नाही, ते बरोबरच होतं. तिनं पुन्हा शेंगा घेतल्या.

"पहिल्या दिवशी माझ्याबरोबर आनखी बाया होत्या," ती म्हणाली. "एक पोटुशी होती, तुमाला आठवतं? चार वाजेपर्यंत उठली नाय ती. त्यांच्याकडं जाऊन आलात?"

"नाही."

"जानार?"

"नावं आठवत नाहीत गं आता."

तिनं मान वर केली. "आठवत नाय, का विचारलीच नव्हती?"

मी हळू आवाजात म्हटलं, "विचारली नव्हती."

"काय म्हनते गं ती?" खाटेवरून म्हातारीनं विचारलं.

"काय नाय," जयवंती म्हणाली.